ते हसत नाही, घाबरलंय

नमस्कार श्रोतेहो.

पुण्याहून भोरमार्गे वरंधा घाटात निघालं, की वाघजाईच्या देवळापाशी गरम भज्यांच्या वासानं गाडी थांबतेच. आपल्या आधी तिथे माकडं हजर असतात. परवा शेजारच्या गाडीतल्या एका चिमुरडीनं काचेवर हात आपटला, तसं बॉनेटवरच्या माकडानं ओठ मागे ताणून सगळे दात दाखवले. "आई, बघ ना, हसतंय!" बाळ, ते हसत नाही, घाबरलंय. माकडांच्या भाषेत असे दात दाखवणं म्हणजे 'मी हरलो, मला मारू नका.' नजर रोखून, तोंड वासून ते पुढे झुकलं तर मात्र मुकाट्यानं मागे सरकावं. ती धमकी असते.

आपल्या भागात या मंडळींचे दोन घराणी दिसतात. डोक्यावर मधोमध भांग पाडून टोपी घातल्यासारखे केस असलेलं ते टोपी माकड. हे फक्त भारताच्या द्वीपकल्पी भागात सापडतं, जगात दुसरीकडे कुठेही नाही. करड्या अंगाचं, काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर, आणि त्यातला दांडगा नर म्हणजे हुप्प्या. टोपी माकडाच्या गालांत पिशव्या असतात. हाती लागलेले शेंगदाणे ते भराभर तिथे कोंबतं आणि झाडावर जाऊन निवांत खातं. वानराला ही सोय नाही. त्याचं पोट गाईसारखं कप्प्याकप्प्यांचं, पाला आंबवून पचवणारं. अशा पोटात आपण क्रीमची बिस्किटं घालतो! त्या खाऊच्या आशेनं ती रस्त्यावर येतात आणि चाकाखाली जातात. कृपा करून काही देऊ नका, नुसतं बघा.

बघण्यासारखं खूप आहे. त्यांची नखं बघा, आपल्यासारखीच चपटी. डोळे समोर, बोटांच्या टोकांवर ठशांच्या रेषा. या नरवानर गणात ५०० हून अधिक जाती आहेत. मादागास्करमधला ३० ग्रॅमचा लेमूर त्यातलाच, दीडशे किलोंचा गोरिलाही त्यातलाच, आणि आपणही. 'माणूस माकडापासून झाला' असं आपण सहज बोलून जातो, पण ते चूक आहे. चिंपांझी आपला चुलतभाऊ. त्याचा आणि आपला पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी एकच होता. घाटातल्या माकडाशी नातं जोडायचं तर अडीच-तीन कोटी वर्षं मागे जावं लागतं. सह्याद्रीचा काळा पाषाण तेव्हाही होता, त्याहून दुपटीनं जुना.

टोपी माकडांत मुली जन्मभर माहेरी राहतात, घर सोडतो तो मुलगा. आईचा टोळीत जो मान, साधारण तोच लेकीला मिळतो. दुपारी एकमेकींच्या अंगावरचे केस विंचरत बसलेल्या माद्या दिसतात ना, ते नुसतं उवा काढणं नव्हे. उद्या भांडण झालं तर कोण कोणाच्या बाजूनं उभं राहणार, ते तिथे ठरत असतं.

वानरांत चित्र वेगळं. बहुतेक टोळ्यांत एकच हुप्प्या. १९६० च्या दशकात युकिमारू सुगियामा या जपानी शास्त्रज्ञानं आपल्या शेजारच्या धारवाडजवळ पाहिलं, की टोळी जिंकणारा नवा नर आधीची तान्ही पिल्लं मारून टाकतो. अंगावरचं पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते. ऐकताना जीव तुटतो, पण हेही त्यांच्या जगण्यातलंच आहे.

आणि त्या आया? लहानपणी आपण सगळ्यांनी ती गोष्ट ऐकलीय. हौदात पाणी चढत जातं आणि नाकातोंडाशी येताच माकडीण पिल्लाला पायाखाली घेऊन त्यावर उभी राहते. ती गोष्ट माणसानं रचली. जंगलात अभ्यासकांनी पाहिलंय ते असं: पिल्लू मेलं तरी आई त्याला सोडत नाही. दिवसचे दिवस छातीशी धरून, एका हातानं सावरत, तीन पायांवर टोळीमागे चालत राहते. मधूनच थांबते, आणि त्याच्या अंगावरची माशी हाकलते.