मशीन मिळालं, पुढे काय?

(पुण्यातील एका ज्येष्ठ नागरिक संघात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आपल्या संघात कानांची तपासणी शिबिरं होतात, गरजूंना ऐकण्याची मशीनंही मिळतात. ते काम मोलाचंच आहे. मला मात्र मशीन मिळाल्यानंतरचं बोलायचंय. मशीन लावलेला माणूसही हळूहळू नाटकाला, कीर्तनाला, सभेला जाणं का सोडतो?

वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज कमी होतात. स्वर ऐकू येतात. स, श, फ, थ ही व्यंजनं निसटतात. म्हणून आजोबा म्हणतात, 'आवाज येतोय, पण कळत नाही.' घरच्यांना तो हट्ट वाटतो. कृपा करून तसं समजू नका, ते अगदी खरं सांगत असतात.

मशीनचा मायक्रोफोन असतो कानापाशी. समोरासमोर चहा घेताना तो छान साथ देतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. सभागृहात तर वक्ता लांब, भिंतींवरून येणारा घुमारा, पंखे आणि शेजारची कुजबुज जवळ. हल्लीची चांगली मशीनं गोंगाट थोडा आवरतात, पण लांबचा माणूस जवळ आणू शकत नाहीत.

यावर जुना, सिद्ध झालेला उपाय आहे: हिअरिंग लूप. सभागृहात जमिनीलगत तारेचं वेटोळं फिरवतात आणि माईकचा आवाज एका खास अँप्लिफायरमधून त्यात सोडतात. तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. मशीनमध्ये टेलिकॉइल नावाची छोटी गुंडाळी असेल, तर ती ते थेट पकडते. मधला घुमारा, गोंगाट, अंतर सगळं वगळून. विसाव्या रांगेत बसा, आवाज माईकवरून थेट तुमच्या कानात. बालगंधर्व आणि कोथरूडचं यशवंतराव चव्हाण, दोन्ही नाट्यगृहं महापालिकेची. तेव्हा मागणी कुणाकडे करायची हा प्रश्नच नाही. आपल्या संघानं लेखी पत्र द्यावं, असा माझा आग्रह आहे. लूप बसवल्यावर तो चालू ठेवणं हेही कुणाचं तरी नेमून दिलेलं काम असायला हवं, नाहीतर नुसती पाटी उरते.

लूप सगळ्यांना पुरत नाही, हेही सांगितलं पाहिजे. जन्मापासून कर्णबधिर असलेल्या, सांकेतिक भाषेत वाढलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही. त्याला हवा दुभाषी, तोही उजेडात उभा असलेला. कार्यक्रमात दिवे घालवून दुभाष्याला अंधारात उभं केलं, तर त्याला बोलावून काय साधलं? आणि ज्यांना मराठी वाचता येतं पण ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी पडद्यावर अक्षरं. मोबाइलवरचं लाईव्ह ट्रान्सक्राइब हे अ‍ॅप मराठी बोलणंही लिहून दाखवतं. चुका करतं, पण बँकेच्या काउंटरवर किंवा डॉक्टरांसमोर त्याचा मोठा आधार होतो.

आता कायद्याचं. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल तोटा असेल, तरच माणूस 'कमी ऐकू येणारा' धरला जातो. बऱ्याच योजनांसाठी ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. आपल्यातल्या अनेकांचा तोटा त्याहून कमी, तरी नाटक कळत नाहीच. म्हणून सभागृहातली सोय प्रमाणपत्र न विचारता मिळायला हवी. जिन्याचा कठडा धरताना कुणी दाखला मागत नाही.

नवं मशीन घेणार असाल, तर पैसे देण्याआधी ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे कान तपासून मशीन बसवून देणाऱ्या तज्ज्ञाला विचारा: यात टेलिकॉइल आहे का, आणि ती सुरू करून दिली आहे का? कानात लपणाऱ्या अगदी लहान मशीनमध्ये ती बहुधा नसते. काहींमध्ये असते, पण कुणी चालूच केलेली नसते. ज्यांच्याकडे आत्ता मशीन आहे, त्यांनी पुढच्या तपासणीला जाताना हा प्रश्न कागदावर लिहून न्यावा.