सगळं ठीक आहे ना?

नमस्कार मंडळी. मोदकांच्या रांगेतून उठवून तुम्हाला इथं बसवलंय, तेव्हा पटकन आटोपते.

गेल्या महिन्यात नगरला बाबा बाथरूममध्ये पडले. मला कळलं पाचव्या दिवशी! फोनवर दादाला असा काही फैलावर घेतला की शेजारच्यांचा कुत्रा भुंकायला लागला. फोन ठेवला, तर दहा वर्षांची लेक म्हणते, "तू अशी ओरडतेस, मग मामा कशाला सांगेल?"

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आमचे आजोबा संध्याकाळी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मोठ्यानं वाचायचे, त्यातला निरोप्या अहीमास आठवत राहिला. दावीद राजाविरुद्ध त्याचाच मुलगा अबशालोम उठला आणि लढाईत मारला गेला. ती खबर घेऊन अहीमासाला राजाकडे पळायचं होतं. सेनापती यवाब म्हणाला, आज तू नको, राजाचा मुलगा मेलाय. पाठवलं कुणाला? एका कूश्याला, म्हणजे कूश देशातल्या परक्या माणसाला. यवाब राजाला ओळखून होता. दावीदाच्या आधीचा राजा शौल गेल्याची खबर अमालेकी टोळीतल्या एकानं, दावीद तेव्हा राहत होता त्या सिकलाग गावी, आणली होती, मुकुट आणि कडं घेऊन, बक्षिसाच्या आशेनं. दावीदानं त्याला तिथंच मारवलं. ("शौलाला मीच मारलं" अशी फुशारकी त्यानं मारली होती, हेही खरं.)

अहीमास तरीही हट्टानं धावला, सपाटीच्या वाटेनं कूश्याच्याही पुढे गेला. राजा दोन वेशींच्या मध्ये बसलेला. त्यानं विचारलं, अबशालोम ठीक आहे ना? आणि जीव तोडून धावत आलेला हा गडी म्हणतो, मोठी गडबड दिसली खरी, पण काय ते कळलं नाही. राजा म्हणाला, बाजूला उभा राहा. खरं सांगितलं ते मागून आलेल्या कूश्यानं, तेही आडवळणानं. त्याला कुणी हात लावला नाही. राजा रडत रडत वेशीवरच्या खोलीत गेला.

दादा माझा अहीमास. आणि मंडळी, आपणही काही कमी नाही हं. मागच्या सर्वसाधारण सभेत खजिनदारांनी तोटा सांगितला, तेव्हा आपण त्यांना उभं सोललं. त्यात मीही होते. यंदा त्या पदाला एकही अर्ज नाही!

परवा दादाला फोन करून म्हटलं, यापुढे लगेच सांग, मी ओरडणार नाही. तो "बरं" म्हणाला. मग व्हिडिओवर बाबा आले, खुर्चीत बसलेले, छातीपासून वर. छान हसले. त्यांना जरा उठवून चालायला लाव, असं मी म्हणणार होते. पण म्हटलं नाही.