विटा ते कोलकाता: विमान अडीच तास, बाकीचं विचारू नका

पहाटेचे साडेतीन वाजलेत. सांगली जिल्ह्यातल्या विट्यातली ही गाडी बघा, डिकीत दोन बॅगा, मांडीवर भाकरी-चटणीची पिशवी आणि पुढच्या सीटवर आमचे दाजी. दाजी गलाईवाले, कोलकात्यात दुकान, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं काम. खानापूर, आटपाडी, कडेगाव ह्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं ह्याच धंद्यापायी देशभर पांगलीत, लांबच्या कुठल्या सराफ बाजारात जावा, भट्टीपाशी आपल्याकडचं बोलणारं कोणतरी भेटतंयच.

आता नकाशा बघू. विट्यापासनं कोलकात्याला सरळ दोरी ताणली तर साधारण १५७० किलोमीटर भरतात. आणि विमान जिथनं धरायचं त्या पुण्याच्या लोहगावपासनं? १५७५च्या आसपास. चुकून नाही बोललो. कराड, सातारा, खंबाटकी करत २०० किलोमीटर गाडी हाणायची, चार-साडेचार तास घालवायचे, आणि कोलकाता एक किलोमीटरसुद्धा जवळ येत नाही, उलट चार-पाच किलोमीटर लांबच जातंय, कारण कोलकाता तिकडं पूर्वेला आणि पुणं आपल्या उत्तरेला, त्यात जरासं पश्चिमेला सरकलेलं. दाजींना हे सांगितलं तर म्हणाले, "मग काय, विट्यातनंच उडू का?"

तेही खरंच म्हणा. सांगलीजवळ कवलापूरला विमानतळ व्हावा ही मागणी जुनीच आहे.

तिकिटावर पुणे-कोलकाता अडीच तासाच्या आसपास दाखवतात. जेट विमान वर गेल्यावर ताशी ८०० ते ८५० किलोमीटरनं पळतं, भागाकार केला तर दोन तासाच्या आतच यायला पाहिजे, मग उरलेला अर्धा तास गेला कुठं? तर तिकिटावरचा वेळ विमान जागेवरनं हललं की सुरू होतो आणि तिकडं जाऊन उभं राहिलं की संपतो, मधी धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, लोहगाव तर हवाई दलाचा तळ, तिथं थांबणंही आलं, शिवाय चढताना-उतरताना वेग कमी आणि वाटही अगदी दोरीसारखी सरळ नसते.

आणि येताना? येताना जास्त लागतात. हिवाळ्यात तर वीस-पंचवीस मिनिटं सहज. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर तेव्हा पश्चिमेकडनं जोराचं वारं असतं, विमानाचा वेग त्या हवेच्या हिशोबानं असतो, म्हणून जाताना वारं पाठीमागनं ढकलतं आणि येताना तोंडावर येतं. दाजींना इतकी वर्षं वाटायचं, परतीचा पायलटच सावकाश चालवतोय.

आधी दाजी रेल्वेनं जायचे. पुण्याहून हावड्याला आझाद हिंद एक्सप्रेस, नागपूरवरनं वळसा घालत २००० किलोमीटरच्या वर, दीड दिवसाच्या आसपास. पत्ते, झोपा, डबे, सगळं त्यातच.

हे शेवटचं शूटिंग परतीचं. रात्रीचे सव्वादहा, लोहगावच्या बाहेर दाजी गाडीची वाट बघतायत, फोन स्पीकरवर आहे.

"आलास का रं?"

"आलो की आई, आत्ताच उतरलो."

"मग तवा ठेवू का?"

"नको, झोप तू. पुण्यात हाय अजून."