रस्त्याखाली सात मीटर : रोमन लंडन

लंडनच्या ‘बँक’ मेट्रो स्टेशनातून बाहेर पडून वॉलब्रुक रस्त्याला लागलं, की ब्लूमबर्गची इमारत येते. तिच्या तळघरात, आजच्या रस्त्याच्या सात मीटर खाली, मिथ्रास देवाचं रोमन मंदिर आहे. इसवी सन 240च्या आसपासचं. जळालेल्या-पडलेल्या घरांचा राडारोडा सपाट करून त्यावरच पुन्हा बांधायचं, असं शतकानुशतकं चाललं आणि जमीन वर चढत गेली.

मंदिर सापडलं 1954मध्ये. 1962मध्ये त्याचे दगड उचलून शंभरेक मीटरवर, रस्त्यालगत उघड्यावर, सिमेंटमध्ये पुन्हा रचले. गुहेसारख्या अंधारात पूजा व्हायची त्या देवाला भर उन्हात बसवलं! 2017पासून ते मूळ जागेजवळ, मूळ खोलीवर आहे. धुकं आणि प्रकाशझोतांतून नसलेल्या भिंती उभ्या राहतात. प्रवेश मोफत, पण वेळ आधी ऑनलाइन ठरवून घ्या. सोमवारी बंद.

खाली उतरण्याआधी, इथे सापडलेल्या वस्तू मांडलेली भिंत नीट पाहा. इथल्या वॉलब्रुक ओढ्याच्या ओल्या चिखलात हवा शिरली नाही, म्हणून लाकूड-चामडं कुजलं नाही. याच जागेतून, मेणाचा थर देऊन लिहायच्या 405 लाकडी पाट्या निघाल्या. त्यांवरचं मेण केव्हाच गेलं; पण लिहिताना लेखणीचं टोक लाकडापर्यंत उतरलं होतं, ते ओरखडे वाचता आले. एकीवर तारीख आहे 8 जानेवारी, इसवी सन 57. मजकूर असा, की टिबुलस मालाच्या किमतीपोटी ग्रेटसला 105 देनारी (रोमन चांदीची नाणी) देणं लागतो. म्हणजे लंडनचं हे इतकं जुनं लिखाण निघालं उधारीची चिठ्ठी.

तिथून गिल्डहॉल, म्हणजे शहराची जुनी नगरसभा, चालत दहा मिनिटांवर. चौकातल्या फरशीत काळ्या दगडाची मोठी वक्ररेषा आहे. बहुतेक जण ती तुडवत जातात. खालच्या रोमन अँफिथिएटरची, म्हणजे झुंजींच्या गोलाकार मैदानाची, ती हद्द. 1988मध्ये सापडलेले अवशेष आर्ट गॅलरीच्या तळघरात आहेत. प्रवेशद्वाराच्या भिंती आणि लाकडी गटार खरं. बाकीचं चित्र प्रकाशरेषांनी पुरं केलेलं.

शेवटी नोबल स्ट्रीट. इथे तिकीट नाही, दारही नाही. कठड्यावरून वाकून पाहिलं, की एकमेकींना चिकटलेल्या दोन भिंती दिसतात. बाहेरची साधारण 120 सालच्या रोमन किल्ल्याची. पुढे 200च्या सुमारास शहराला तटबंदी घातली, तेव्हा ही भिंत बारीक पडली, म्हणून आतून दुसरी जोडली. दोहोंमधला सांधा स्पष्ट दिसतो.

हा सगळा कचेऱ्यांचा भाग. शनिवार-रविवारी गर्दी नसते, पण बरीच खाण्याची दुकानंही बंद असतात. पोटाची सोय आधीच करा.