विहिरीचा कठडा

मंडळी, नारू झालेला माणूस ज्यांनी डोळ्यांनी पाहिलाय, त्यांनी जरा हात वर करा. सात, आठ... आणि सगळे पिकल्या केसांचे. मागं बसलेल्या पोरांना तर नारू हा शब्दच नवा आहे. याचा मला किती आनंद होतो, काय सांगू!

ऐंशीच्या दशकात आरोग्य खात्यात नवा लागलो, तेव्हा मराठवाड्यात गावोगाव नारूचे रोगी शोधत फिरायचो. पायावर टरटरून फोड यायचा, नुसती आग आग व्हायची. फोड फुटला की पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकवायचा. खसकन ओढला तर आत तुटायचा आणि पाय भप्प सुजायचा. म्हणून काडीला गुंडाळून रोज बोटभर, बोटभर काढायचा. दोन हात लांबीचा जंत! ऐन कामाच्या दिवसांत घरातला कर्ता माणूस महिनाभर बाजेवर पडून.

तो यायचा पायविहिरीतून. बाई घागर घेऊन पायऱ्या उतरायची, घोट्याभर पाण्यात उभी राहून घागर बुडवायची. तिच्या पायाला नारू असला, तर पाणी लागताच तो पिल्लं सोडायचा. पाण्यातला सायक्लॉप्स नावाचा बारीक जीव ती गिळायचा आणि तेच पाणी गावाच्या पोटात जायचं. वर्षभरानं पुन्हा फोड.

यावर लस नव्हती, औषधही नव्हतं. आजही नाही. मग केलं काय? पायऱ्या बंद केल्या, कठडा बांधला, रहाट बसवला, पाणी फडक्यानं गाळायला लावलं. सोपं नव्हतं ते. एका गावात एक आजोबा पायरीवर मांडी घालून बसले. म्हणाले, "माझ्या पणज्यानं बांधल्यात ह्या." त्यांच्या नातवाच्या पायातून नारू निघाला, तेव्हा ते स्वतः दगड वाहायला आले. 1996 साली देशातला शेवटचा रोगी राजस्थानात सापडला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. माणसाचा पाय पाण्यापासून लांब ठेवला, एवढ्यावर एक रोग देशातून गेला!

आता कठडा आहे, पण धोका कठड्याखालून येतो. आपल्या पायाखाली काळा पाषाण. त्यात पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. गावच्या विहिरीचा झरा आणि शेजारच्या शेतातला बोअर बहुतेक वेळा एकाच भेगेवर जगतात. बोअर खोल, मोटर जोरदार. फेब्रुवारीत गावची विहीर तळ दाखवते आणि आपण टँकरचा अर्ज लिहायला बसतो. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. ती गाडी यायलाच हवी होती, तहानलेल्याला पाणी द्यायचंच. पण गाडीनं आणलेल्या पाण्यानं झरा जिवंत होत नाही. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर, नवा बोअर घेऊ नये, असा कायदा आपल्या राज्यात 1993 पासून आहे. हिवरे बाजारनं तर शेतीसाठी बोअर घ्यायचाच नाही, असं गावानं बसून ठरवलं आणि पाळलं.

बोअर खोल नेला म्हणजे पाणी चांगलंच लागतं, असंही नाही. यवतमाळ, चंद्रपूरकडं कित्येक बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं आणि वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं, की पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, पुढं हाडं वाकतात. वाकलेलं हाड परत सरळ होत नाही. टीसीएल, म्हणजे पाण्यातले जंतू मारायची ब्लीचिंग पावडर, कितीही टाका, फ्लोराइड जात नाही.

टीसीएलवरून आठवलं. पुष्कळ ठिकाणी पावडरची पिशवी उघडी, ओलीत पडलेली असते. त्यातला क्लोरीन केव्हाच उडालेला असतो आणि आपण नुसता चुना पाण्यात टाकत राहतो. जलसुरक्षकाला, म्हणजे गावचं पाणी तपासणाऱ्या माणसाला, ओटी टेस्ट करायला सांगा, म्हणजे पाण्यात औषधाचे थेंब टाकून क्लोरीन तपासायला, आणि शेजारी उभं राहून बघा. शेवटच्या घराच्या नळाचं पाणी पिवळं झालं, तरच क्लोरीन तिथवर पोचला.

आज दुपारी तुमच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीवर जाऊन आलो. कठडा भक्कम आहे, जाळीही आहे. पण वीस पावलांवर उकिरडा आहे आणि धुण्याच्या दगडाचं पाणी काठाशीच मुरतंय. काठाची माती हातात घेतली, साबणाचा वास आला. वाईट वाटून घेऊ नका, मी तुमच्याच घरचं पाणी पिऊन बोलतोय.

या टेबलावर दोन बाटल्या आहेत. एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत देवळामागच्या नळाचं. आतल्या औषधानं पाणी काळं पडलं, तर त्यात मैला मिसळतोय असं समजायचं. कळायला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागतात. बाटल्या मी ग्रामपंचायतीच्या खिडकीत ठेवून जातो. परवा सकाळी पाणी भरायला निघाल की आधी तिकडं या आणि पोरांनाही घेऊन या.