एलईडी स्क्रीन घेताय? आधी पहिली खुर्ची किती लांब आहे ते मोजा

नमस्कार मंडळी! आज बोलूया मोठ्या एलईडी स्क्रीनबद्दल, त्या हॉलमध्ये, स्टेजमागे, रस्त्याकडेला लावतात ना, त्या. लोक विचारतात फुल एचडी आहे का, फोर के आहे का, पण मला विचाराल तर आधी हे सांगा की सगळ्यात जवळचा प्रेक्षक किती लांब असणारे.

स्क्रीनच्या माहितीत पी 10, पी 5, पी 2.5 असं लिहिलेलं असतं बघा, तो पिक्सेल पिच, म्हणजे एका पिक्सेलच्या, चित्र बनवणाऱ्या एका ठिपक्याच्या, मध्यापासून शेजारच्याच्या मध्यापर्यंत किती मिलिमीटर. आणि धंद्यातला ढोबळ हिशोब असा की जितके मिलिमीटर पिच तितके मीटर तरी लांब बसायचं, पी 10 समोर 10 मीटर, पी 2.5 समोर अडीच. ठिपके अजिबातच जाणवू नयेत असं वाटत असेल तर मात्र साधारण साडेतीन पट अंतर धरा, कारण चांगली नजर एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंत फरक ओळखते, आणि 1 मिलिमीटरचं अंतर साधारण 3.4 मीटरवरून तेवढंच दिसतं.

मग सरळ बारीक पिचच घ्यावा की! पण पिच निम्मा केला की पिक्सेल चौपट होतात. एका चौरस मीटरमध्ये पी 10 चे 10 हजार, पी 5 चे 40 हजार, पी 2.5 चे तर 1 लाख 60 हजार, आणि खर्चही त्यामागोमाग चढतो. आता सगळे प्रेक्षक 30 मीटरच्या पुढेच असतील तर त्यांना पी 8 आणि पी 4 मधला फरक कळतच नाही, मग तो पैसा कशाला घालायचा?

उलट चूकही होते हां. 3 मीटर रुंद पी 10 स्क्रीनला आडवे पिक्सेल फक्त 300, त्यावर बारीक मजकूर टाकला की संपलंच, आणि आपल्या देवनागरीला तर वर मात्रा-वेलांटी, खाली उकार, एका ओळीला 16 पिक्सेल उंची दिली तरी मधल्या अक्षराला उरतात थोडेच, जोडाक्षराचा पार गोळा होतो. लांबून बघा नाहीतर जवळून, वाचताच येत नाही. अशा वेळी पिच बारीक करा, नाहीतर स्क्रीन मोठी घ्या, नाहीतर शब्द कमी करा.

शूटिंग होणार असेल तर कॅमेरामनलाही विचारा, जाड पिचवर क्लोजअपमध्ये लाटांसारख्या रेषा उमटतात.

आणि ऑर्डर द्यायच्या आधी, जमलं तर, तुमच्या पहिल्या रांगेएवढ्या अंतरावर उभं राहून स्क्रीन चालू करून बघा, तीही तुमचाच मजकूर लावून, कारण डेमोमधली रंगीत फुलं कुठल्याही पिचवर छानच दिसतात.