नायिकेचं सहावं बोट

(नाशिकमध्ये वाचकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

विषय जाहीर झालाय ‘प्रेमकादंबऱ्यांची मुखपृष्ठं आणि त्यांचे चित्रकार’. त्यावर येतेच. पण आधी एका पुस्तकाबद्दल सांगते, कारण मला हा नाद त्याच पुस्तकाने लावला.

रविवार कारंजाच्या मागच्या गल्लीत एक खासगी लायब्ररी होती. माझी मावशी तिथून प्रेमकादंबऱ्या आणायची आणि ‘गावकरी’ वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचायची. घरात आजोबा होते ना! दुपारी तिचा डोळा लागला की मी ते कव्हर अलगद सोडवायचे. गोष्ट नंतर, आधी चित्र. एकदा सोडवलं तर निळ्या साडीतली, केतकी रंगाची मुलगी. वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली, मागे तळं, तळ्यात हंस. डाव्या हातात मोगऱ्याची कळी, ओठांशी धरलेली. आणि त्या हाताला बोटं सहा. मी तीनदा मोजली.

मग पुस्तक अधाशासारखं वाचलं. मला वाटलं, गोष्ट त्या बोटाचीच असणार. त्यापायी हिचं लग्न मोडलं असेल, मग कुणीतरी बोटासकट हिला पसंत करील. पण आत निघाली एक सावळी नर्स, टायफॉइडमध्ये केस गेलेली. सगळी गोष्ट दवाखान्याच्या वॉर्डात आणि एसटी स्टँडवर. तळं नाही, हंस नाही, सहावं बोट तर नाहीच. शेवटच्या पानावर मात्र कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘सहावं बोट कुठे गेलं?’ म्हणजे याच गावात आणखी कुणीतरी माझ्यासारखंच, शेवटपर्यंत त्या बोटाची वाट बघत बसलं होतं. ते अक्षर अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

कॉलेजात गेल्यावर ते पुस्तक पुन्हा शोधलं. मिळालं, पण काळ्या रेक्झिनच्या बांधणीत. चित्र गेलेलं. मालक म्हणाले, “ताई, कव्हर फाटतंच, बाइंडर काढून टाकतो.” कुणी काढलं होतं ते चित्र? आत छापलेलं नव्हतं. चित्राच्या कोपऱ्यात सही असली तर तीही रद्दीत गेली. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. ज्या गावात १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे, तिथल्या वाचकांपुढे हे बोलायलाच हवं.

दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर ही मुखपृष्ठकारांची नावं आपल्याला पाठ आहेत. दलालांची रेषा, मुळगावकरांचा तो स्प्रेचा मऊ उजेड लांबूनही ओळखू येतो. पण त्यांच्यामागे कितीतरी हात होते, ज्यांची नावं पुस्तकावर आलीच नाहीत.

दहा मिनिटं राहिल्याची चिठ्ठी आलीय, तेव्हा मुद्द्याचं भराभर सांगते. चित्र एक आणि गोष्ट दुसरीच, अशी गफलत आपल्याकडेच होते असं नाही. इंग्रजी प्रेमकादंबऱ्या काढणाऱ्या ‘मिल्स अँड बून’, कॅनडातली ‘हार्लेक्विन’ या प्रकाशनसंस्था घ्या. महिन्यामहिन्याला पुस्तकं काढायची, तर चित्रकाराने प्रत्येक कादंबरी वाचायची कधी? त्याला नायक-नायिकेचं वर्णन आणि एखादा प्रसंग कळवायचे. मॉडेलचे फोटो काढून त्यावरून चित्र रंगवायचं. अमेरिकेत १९९३ साली क्रिस्टिना डॉड यांच्या ‘कॅसल्स इन द एअर’च्या मुखपृष्ठावर नायिकेला तीन हात आले! तिथे ती गोष्ट आजही आवडीने सांगतात, ते चित्र जपून ठेवतात. आपण आपलं फाडून टाकलं.

म्हणून माझं मागणं इतकंच आहे. ग्रंथालयांनी बांधणीला देण्याआधी मुखपृष्ठ सोडवून आतल्या कोऱ्या पानावर चिकटवावं. दाखल नोंदवहीत लेखक, प्रकाशक, किंमत असते, त्याच ओळीत चित्रकाराचं नाव लिहावं. नाव नसेल तर ‘सही वाचता येत नाही’ असं लिहावं, पण जागा ठेवावी. आणि चुकीच्या चित्रांवर हसून पुढे जाऊ नये. घाईत काम करणाऱ्या त्या माणसाचा हात तिथेच सापडतो.

वेळ संपली. मागच्या टेबलावर माझ्याकडची काही मुखपृष्ठं मांडली आहेत, हात स्वच्छ पुसून बघा. आणि तुमच्या माळ्यावर जुनी पुस्तकं असतील तर एकदा चाळा. निळी साडी, तळ्यात हंस, डाव्या हातात मोगरा. बोटं मोजा आणि मला कळवा.